मदत हवी आहे: डब्लिनमध्ये आई-बाबांना रविवारी पबमध्ये जेवायला न्यायचंय, आई पूर्ण शाकाहारी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून दीड महिन्यासाठी डब्लिनला आलेत. बाबांची एकच फर्माईश: इथल्या जुन्या पबमध्ये दुपारी निवांत बसून जेवायचं, आणि कुणी फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवत असेल तर ऐकायचं. ते मासे-मटण सगळं खातात, त्यांची काळजी नाही. आई मात्र अंडंही खात नाही. सोबत आम्ही दोघं आणि मुलं, ९ आणि ४ वर्षांची.

मागच्या रविवारी एका ठिकाणी जाऊन आलो, म्हणूनच विचारतेय. आईसाठी व्हेजिटेबल सूप आणि ब्राउन ब्रेड मागवला. गाजर, बटाटा, लीक वाटून केलेलं दाट सूप, वर क्रीमची रेघ. आईला आवडलं. चार-पाच चमचे पोटात गेल्यावर मी वाढणाऱ्या मुलीला सहज विचारलं, तर म्हणाली, सूप ज्या पाण्यात शिजवलं तो स्टॉक चिकनचा आहे. आईने काही न बोलता चमचा खाली ठेवला, वाटी बाजूला सरकवली आणि नुसता ब्रेड लोणी लावून खात बसली. रात्री मलाच म्हणाली, "तुला कुठं माहीत होतं?" जन्मभर पाळलेलं माझ्यामुळे मोडलं, हे मनातून जात नाही.

मेन्यूवर पदार्थांपुढे अ‍ॅलर्जनचे (अ‍ॅलर्जी होऊ शकते अशा घटकांचे) आकडे असतात, त्यावर विसंबता येईल का? कार्व्हरीत, म्हणजे काउंटरवर भाजलेलं मांस कापून भाज्यांसोबत वाढतात तिथे, तिला काय घेता येईल? मुलांना किती वाजेपर्यंत बसू देतात? आणि आईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काय करू? गावात दारूच्या गुत्त्यासमोरून बायका मान खाली घालून जायच्या, तिच्या डोळ्यांसमोर तेच आहे.

प्रतिसाद १:
ताई, त्या आकड्यांचा उपयोग अर्धाच. कायद्याने १४ अ‍ॅलर्जन लेखी द्यावेच लागतात. त्यात अंडं, दूध, मासे येतात, पण चिकन किंवा बीफ येत नाही. म्हणजे अंडं कळेल, स्टॉक कळणार नाही. तो तोंडीच विचारायचा, तोही किचनमध्ये जाऊन विचारून या म्हणायचं.
कार्व्हरीत ट्रे घेऊन रांगेत उभं राहिलात की आधीच "ग्रेव्ही नको" सांगा, ती मांसाच्या रसाची असते, नाहीतर सवयीने सगळ्यावर ओततात. रोस्ट बटाटे कधी बदकाच्या चरबीत भाजतात, चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात. कोल्कॅनन विचारा: कुस्करलेला बटाटा, केल किंवा कोबी, लोणी, दूध. वर बेकन नको म्हणून सांगायचं. सोडा ब्रेड ताक आणि खायच्या सोड्यावर फुलतो. त्यात कुणी अंडं घालतं, ते मात्र यादीत दिसेल.
मुलांचं म्हणाल तर १५ वर्षांखालची मुलं आई-वडिलांसोबत रात्री ९ पर्यंत बसू शकतात, मे ते सप्टेंबर १० पर्यंत. दुपारी प्रश्नच नाही.

प्रतिसाद २:
जुन्या पबमध्ये स्नग असतो, म्हणजे लाकडी आडोसा केलेली छोटी खोली. पूर्वी बायका चारचौघांच्या नजरेआड तिथे बसायच्या. तो मिळाला तर काकूंना बरं वाटेल. सिगारेटचा धूर आत नसतो, २००४ पासून बंदी आहे, हे त्यांना आधीच सांगा. माझ्या सासूबाईंची निम्मी धास्ती तिथे आजी-आजोबा आणि बाळांच्या गाड्या बघूनच गेली.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आजच तीन ठिकाणी फोन केले. एकीकडे सूप भाज्यांच्या स्टॉकचं आहे, कोल्कॅनन बेकनशिवाय देतील, आणि साडेबाराला या, स्नग राखून ठेवतो म्हणाले. आईला सांगितलं तर तिने पहिलं विचारलं, "ताकातला ब्रेड? कसा करतात?" आता एवढंच सांगा, रविवारी दुपारी वाजवणारे साधारण कधी जमतात? बाबांचं ते राहायला नको.