पुरवठादाराच्या आयएसओ ९००१ प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. नवे येईपर्यंतच्या मालाचे काय करावे?

वेर्णेकर_क्वालिटी यांचा प्रश्न

नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीत विद्युत उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात पुरवठादारांचे मूल्यमापन आणि त्यांची कागदपत्रे माझ्याकडे आहेत. आमचा खोक्यांचा पुरवठादार कुंडईचा असून त्याच्या आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक) प्रमाणपत्राची मुदत जूनअखेर संपली. विचारणा केली तेव्हा रीसर्टिफिकेशनचे (प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचे) ऑडिट होऊन गेले आहे, ऑडिटरने शिफारसही केली आहे आणि चतुर्थीनंतर नवे प्रमाणपत्र हाती येईल, असे उत्तर मिळाले. मालाबद्दल आमची तक्रार नाही. मात्र ‘वैध प्रमाणपत्र असलेल्या पुरवठादाराकडूनच खरेदी करावी’ असे वाक्य आमच्या कार्यपद्धतीत आहे आणि ऑक्टोबरमध्ये ग्राहकाचे ऑडिट आहे. मधल्या काळातील माल कोणत्या आधारावर घेतला, हे कसे दाखवावे? आणि मुळात प्रमाणपत्रावरील अखेरची तारीख तेवढी नोंदवून ठेवणे पुरेसे असते का?

फोंड्याचा_ऑडिटर यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिला त्यातूनच निघाला आहे. अखेरची तारीख पुरेशी नाही.

ही प्रमाणपत्रे देणाऱ्या प्रमाणन संस्थांना आयएसओ/आयईसी १७०२१-१ हे मानक लागू असते आणि त्यानुसार प्रमाणन तीन वर्षांच्या चक्रात चालते. पहिले सर्व्हेलन्स ऑडिट (मधल्या काळातील देखरेखीची तपासणी) प्रमाणनाचा निर्णय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत व्हावे लागते. त्यानंतर, रीसर्टिफिकेशनचे वर्ष सोडून, प्रत्येक कॅलेंडर वर्षात किमान एक. पुरवठादाराने ते होऊ दिले नाही तर संस्था प्रमाणपत्र निलंबित करते, आणि निलंबनाच्या काळात ते अवैध असते. निलंबन बहुधा सहा महिन्यांपेक्षा जास्त लांबत नाही. तोवर अडचण सुटली नाही तर प्रमाणपत्र रद्द होते किंवा त्याची व्याप्ती (ते ज्या कामांना लागू असते ती कामे) कमी केली जाते. या सगळ्या काळात पुरवठादाराच्या ऑफिसात फ्रेम केलेल्या कागदावर मुदत मात्र पुढचीच दिसत राहते. म्हणून तुमच्या नोंदवहीत अखेरच्या तारखेशेजारी ‘शेवटचे सर्व्हेलन्स केव्हा झाले’ असा रकाना हवा आणि त्याचा पुरावा दरवर्षी मागवायला हवा.

आता तुमच्या पुरवठादाराविषयी. ऑडिट होणे, ऑडिटरने शिफारस करणे आणि प्रमाणनाचा निर्णय होणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत; निर्णय घेणारी व्यक्ती ऑडिट करणाऱ्यांपैकी नसावी, असा नियमच आहे. मुदत संपण्यापूर्वी ऑडिट पूर्ण झाले नाही, किंवा मोठ्या त्रुटीवरील सुधारणा तपासून झाली नाही, तर शिफारस करता येत नाही आणि जुन्या प्रमाणपत्राची मुदत वाढवताही येत नाही. राहिलेले काम मुदतीनंतर सहा महिन्यांच्या आत पूर्ण झाले तर संस्था प्रमाणन पुन्हा बहाल करू शकते. त्यापुढे गेल्यास निदान दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे प्रत्यक्ष जागेवरील मुख्य ऑडिट नव्याने करावे लागते. बहाल झालेल्या प्रमाणपत्राची अंमलाची तारीख निर्णयाच्या दिवशीची किंवा नंतरची असते, अखेरची तारीख मात्र जुन्या चक्रावरूनच मोजली जाते. म्हणजे मधला खंड मागील तारीख टाकून भरता येत नाही. नवे प्रमाणपत्र थेट १ जुलैपासूनचे असेल, तर निर्णय कोणत्या तारखेला झाला हे जरूर विचारा.

सध्याच्या स्थितीचे लेखी पत्र प्रमाणन संस्थेकडून मागवा. प्रमाणपत्रासाठी पुरवठादाराची तयारी करून घेणाऱ्या सल्लागाराचा ईमेल चालणार नाही. आपल्याकडे पुष्कळांना सल्लागार आणि प्रमाणन संस्था एकच वाटतात.

मडगाव_खरेदी यांचे उत्तर

वरील माहिती योग्यच आहे, पण पुरवठादार प्रमाणित असलाच पाहिजे असे आयएसओ ९००१ कुठेही म्हणत नाही. कलम ८.४ पुरवठादाराचे मूल्यमापन, निवड, कामगिरीवरील देखरेख आणि पुनर्मूल्यमापन यांचे निकष ठरवून लागू करायला आणि नोंदी ठेवायला सांगते. तुमच्या कार्यपद्धतीतील ते वाक्य तुम्हीच स्वतःवर लादून घेतलेले आहे आणि ग्राहकाचा ऑडिटर त्याच वाक्यावर बोट ठेवील. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्या उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात पुरवठादारांच्या प्रमाणनाची अपेक्षा स्पष्टच आहे.

खोक्यांच्या बाबतीत मी प्रमाणपत्रापेक्षा आवक तपासणीवर भर देईन. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि थप्पीतील तळाची खोकी कडेने फुगतात. हे कोणत्याही प्रमाणपत्रावरून कळत नाही. प्रत्येक लॉटचे बर्स्टिंग स्ट्रेंग्थ (पुठ्ठा किती दाबाला फाटतो ते) आणि ओलाव्याचे प्रमाण नोंदवा, त्या नोंदी जोडून ठरावीक मुदतीची सशर्त मान्यता द्या, आणि पुरवठा चालू ठेवा. चांगला पुरवठादार केवळ कागदासाठी तोडू नये.

डिचोली_क्यूए यांचे उत्तर

कार्यपद्धती बदलावी, हे मान्य आहे. पण सशर्त मान्यतेवर सही आजच्या तारखेची असू द्या. जुलैची तारीख घातलेला कागद आवक नोंदींशी ताडून पाहिला की लगेच उघडा पडतो. जुलैपासून आजवर आलेल्या मालासाठी स्वतंत्र विचलन नोंद (कार्यपद्धती कुठे आणि का पाळली गेली नाही याची नोंद) करा आणि कार्यपद्धतीतील बदल पुढील काळापुरताच ठेवा.

शिवाय नवे प्रमाणपत्र आले की केवळ तारखा पाहून फाइल बंद करू नका. पत्ता कुंडईचा आणि खोकी प्रत्यक्षात मडकईच्या शेडमध्ये बनत असतील, किंवा व्याप्तीत उत्पादनाऐवजी फक्त विक्री लिहिलेली असेल, तर ते प्रमाणपत्र तुमच्या मालाला लागू नाही. आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या (प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या भारतातील) मंडळाची अधिस्वीकृती आहे का, हे मंडळाच्याच संकेतस्थळावर पाहावे. क्यूआर कोड प्रमाणपत्र विकणाऱ्याच्या पानावरही नेऊ शकतो, त्यामुळे आयएएफ सर्टसर्च या प्रमाणपत्रांच्या जागतिक ऑनलाइन यादीत शोधा आणि तिथे नाव सापडले नाही तर संस्थेलाच विचारा. मानकाची आवृत्तीही नोंदवून ठेवा, कारण सप्टेंबर २०१८ मध्ये २००८ च्या आवृत्तीवरील प्रमाणपत्रे छापील मुदत काहीही असली तरी चालेनाशी झाली होती.

वेर्णेकर_क्वालिटी

सर्वांचे आभार. प्रमाणन संस्थेचे लेखी उत्तर आले आहे: ऑडिट जूनमध्ये झाले, परंतु एका मोठ्या त्रुटीवरील सुधारणा तपासायची असल्यामुळे शिफारस झालेली नाही. पुरवठादाराला ती त्रुटी आणि तिच्यावरील कारवाई लेखी कळवायला सांगितले आहे. जुलैपासूनच्या मालाची विचलन नोंद आजच्या तारखेने केली असून सशर्त मान्यता डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे सहा महिन्यांची सवलत संपेपर्यंतच दिली आहे. दरम्यान दुसऱ्या एका पुरवठादाराकडून नमुने मागवले आहेत.