ब्रेंडा हॉवर्डच्या पोस्टरवरून 'लेदर' पुसायचं का?

भर_दुपारी
मंडळी, वाद व्हावा म्हणूनच धागा काढतेय, फक्त जरा सभ्यपणे भांडा.

आमच्या ऑफिसात जूनमध्ये प्राइडची (गे, लेस्बियन, बाय, ट्रान्स लोकांच्या अभिमान मोर्च्यांचा महिना) पोस्टरं लागतात, यंदा एका पोस्टरचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. मी ब्रेंडा हॉवर्ड घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९४६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मलेली ज्यू बाई, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीत होती, तिथे सगळं पुरुषच ठरवतात हे बघून वैतागली आणि स्त्रीवादाकडे वळली. जून १९६९ मध्ये स्टोनवॉल इन ह्या समलैंगिकांच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक पोलिसांवरच उलटले, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्यानंतर महिन्याभराने झालेल्या सभेच्या आणि मग वर्षाने, २८ जून १९७० ला, निघालेल्या ख्रिस्तोफर स्ट्रीट लिबरेशन डे मार्चच्या जुळवाजुळवीत ब्रेंडा होती. मोर्चा एका दिवसाचा न ठेवता त्याच्या आजूबाजूला आठवडाभर कार्यक्रम ठेवायचे ही कल्पना तिची. म्हणून तिला 'मदर ऑफ प्राइड' म्हणतात. २००५ मध्ये कॅन्सरने गेली, तारीख पुन्हा २८ जूनच.

आता खरी गंमत. ब्रेंडा बायसेक्शुअल होती (बाय, म्हणजे पुरुष आणि बायका दोन्ही आवडणारी), पॉली होती (सगळ्यांच्या संमतीने एकापेक्षा जास्त जोडीदार असणारी) आणि लेदरवाली होती. लेदर म्हणजे काळी जाकिटं, बूट, पट्टे घालणाऱ्या आणि राजीखुशीने बीडीएसएम (कामसुखासाठी बांधणं, हुकूम देणं-पाळणं, मार देणं-खाणं) करणाऱ्या लोकांची बिरादरी, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गे पुरुषांचे मोटरसायकल क्लब निघाले तिथून वाढलेली. आणि हे ती लपवत नव्हती, तिच्या बिल्ल्यावर सरळ लिहिलेलं असायचं की मी बाय, पॉली, स्विच (कधी हुकूम देणारी, कधी पाळणारी) आहे, हावरट नाहीये, मला काय हवंय ते मला कळतं. १९८७ आणि १९९३ च्या वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्च्यांच्या कामात ती होती, १९९३ ला तर लेदर तुकडीची महिला सहप्रमुख म्हणून.

तर मी एक ओळ लिहिली, 'लेदर समुदायाची खंदी कार्यकर्ती'. बास, एवढीच. एचआरकडून मेल आला की सुंदर झालंय, फक्त ती ओळ काढूया, फॅमिली डेला मुलं येतात. बायसेक्शुअल चाललं हां, लेदर नाही. मी स्वतः बाय आहे, ऑफिसात दोघातिघांनाच माहितीये, म्हणून असेल कदाचित पण मला ते फार लागलं. जिने आयुष्यभर 'मी अर्धी अर्धी येणार नाही' असं सांगितलं तिचंच अर्ध पोस्टर लावायचं. त्यापेक्षा लावूच नये असं माझं मत झालंय. बोला.

पेठेतला_भुंगा
असहमत. एचआरचं बरोबर आहे, आणि हे मी गे माणूस म्हणून सांगतोय, उगाच संस्कृतीवाला समजू नका.

कलम ३७७ चा, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याचा, खेळ आठवा जरा. २००९ ला दिल्ली हायकोर्टाने दिलं, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने काढून घेतलं, २०१८ ला परत मिळालं, आणि लग्नाचं २०२३ ला नाहीच म्हणाले. आपली सगळी मिळकत अशी उधारीवरची आहे. माझी आई आत्ता कुठे माझ्या जोडीदाराला दिवाळीला घरी बोलवायला लागलीये आणि तिने तुमचं पोस्टर वाचून 'लेदर म्हणजे काय रे' विचारलं तर मी काय सांगू? आपण आधीच ह्यांच्या डोक्यात 'विकृत' होतो, त्यातून जेमतेम बाहेर येतोय. प्रत्येक ठिकाणी सगळं सांगायची गरज नसते. टिळकांच्या पोस्टरवर कोणी लिहितं का की संमतिवयाच्या कायद्याला ह्यांचा विरोध होता?

कोकणकडा
लिहायला हवं की मग! उदाहरण उलटं पडलं भुंगाशेठ.

पेठेतला_भुंगा
तुम्ही लावा पेठेत तसं पोस्टर, मी चहा पाजतो.

एडिसनची_वहिनी
मी न्यू जर्सीत असते, न्यूयॉर्कचा मोर्चा बघितलाय, मुलांना घेऊन. मुलांचं काय होईल ह्याची काळजी करणाऱ्यांनी जरा थंड घ्या. मोर्च्याच्या सगळ्यात पुढे बायका मोटरसायकलींवर असतात, माझा धाकटा आजही तेवढंच सांगतो, गाड्यांचा आवाज. मागून लेदरवाले काका लोक गेले, पोटं सुटलेली, पिकल्या मिशा, उन्हात घामाघूम, आणि माझ्या मुलांना ते दिंडीतल्या कुठल्याही काकांइतकेच कंटाळवाणे वाटले :)

एक गोष्ट मात्र इथल्या जुन्या लोकांकडून ऐकलीये ती सांगते. ऐंशीच्या दशकात एड्स आला तेव्हा ह्या लेदर बार आणि क्लबांनी पैसे उभे केले, आजाऱ्यांकडे जेवण पोचवलं, घरचे लोक दारातून आत येत नव्हते तेव्हा पलंगाशी हेच बसायचे. 'विकृत' म्हणून ज्यांना पोस्टरवरून खाली उतरवताय ते हे लोक. मला स्वतःला बीडीएसएमचं काडीचं आकर्षण नाही, पण हे विसरणं जमत नाही.

साधी_सुधा
वहिनी, सेवा केली म्हणून सगळं माफ असं नसतं. मी वेगळ्या बाजूने विरोध करतेय, नीट वाचा.

लेदरला विरोध फक्त कर्मठ लोकांनी केला असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ मध्ये सॅमॉइस नावाचा लेस्बियन लेदर गट निघाला तेव्हा त्याला कडाडून विरोध केला तो स्त्रीवादी बायकांनीच, आणि १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या परिषदेबाहेर ह्याच मुद्द्यावरून निदर्शनं झाली. त्यांचं म्हणणं सोपं होतं, की मालक आणि गुलाम, मारणारा आणि मार खाणारा ही नाटकं ज्या जगातून आलीत त्या जगाशीच तर आपण लढतोय ना. मी एका महिला केंद्रात समुपदेशन करते. 'तिची पण इच्छा होती' हे वाक्य मी नवऱ्यांच्या तोंडून ऐकत असते. राजीखुशी राजीखुशी म्हणता, पण जिला नाही म्हणायची सवयच लावलेली नाही तिची राजीखुशी कशी मोजणार? ऑफिसच्या भिंतीवर एका ओळीत हे सगळं येत नाही, म्हणून ती ओळ नको. मुलं येतात म्हणून नाही.

भर_दुपारी
सुधाताई, तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि ब्रेंडा स्वतः स्त्रीवादी होती म्हणून तिला तो तोंडपाठ असणार. पण मला उलट वाटतं. लेदरवाल्यांमध्ये आधी बोलून ठरवायचं, काय चालेल काय नाही, थांब म्हणायचा शब्द कुठला, तो म्हटला की सगळं बंद, नंतर माणूस ठीक आहे का बघायचं, ही शिस्त असते. तुमच्या केंद्रात येणाऱ्या किती नवऱ्यांनी कधी असं विचारलं असेल? नाही म्हणायची रीतच जिथे ठरलेली नाही ते आपलं नेहमीचं लग्न, आणि भीती मात्र लेदरची.

आणि राजीखुशी कोणी मोजायची हे सरकारच्या हातात दिलं की काय होतं ते इंग्लंडमध्ये झालंय. १९८७ मध्ये पोलिसांच्या हातात एक खाजगी व्हिडिओ पडला, त्यावरून ऑपरेशन स्पॅनर नावाचा तपास झाला, १९९० मध्ये सोळा पुरुषांना दोषी ठरवलं, त्यातले काही तुरुंगात गेले. सगळे प्रौढ, कोणाचीही तक्रार नाही. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम केली, १९९७ मध्ये युरोपियन कोर्टानेही. तिथे समलैंगिकता १९६७ पासून गुन्हा नव्हती, तरी. तेव्हा 'आधी गे लोकांचं होऊ दे मग लेदरचं बघू' हे भुंगाशेठचं म्हणणं मला पटत नाही, गे लोकांचं होऊन गेलेलं होतं आणि आत गेले ते गे पुरुषच.

साधी_सुधा
शिस्त कागदावर असते ग. शिस्त मोडणारे लेदरमध्येही असतात, आणि तिथे तक्रार करायला गेलेल्या मुलीला 'तू आलीसच कशाला' हेच ऐकावं लागतं. तुरुंगात टाका असं मी म्हणत नाहीये, सत्कार करू नका म्हणतेय. दोन्हीच्या मधे बरीच जागा आहे.

कोकणकडा
माझा प्रॉब्लेम लेदर नाहीच. 'मदर ऑफ प्राइड' हीच पदवी मला जास्त वाटते. दरवर्षी मोर्चा काढायचा हा ठराव नोव्हेंबर १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या परिषदेत मांडला गेला, मांडणारे क्रेग रॉडवेल, फ्रेड सार्जंट, एलेन ब्रॉयडी आणि लिंडा ऱ्होड्स. त्यात ब्रेंडा नाही. मग तिच्या पश्चात 'जून महिन्यात प्राइड का, तर ब्रेंडा हॉवर्ड नावाच्या बाय बाईला तसं वाटलं म्हणून' असं एक वाक्य फिरायला लागलं आणि सगळ्यांनी उचललं. एकच आई, एकच जनक हे खूळ आपल्याकडे पण फार आहे. चळवळ म्हणजे पंचवीस माणसं एका छोट्या खोलीत भांडत असतात, त्यातला एक माणूस पोस्टरवर जातो.

भर_दुपारी
म्हणून तर मी 'जुळवाजुळवीत होती' एवढंच लिहिलं. ठराव मांडणं वेगळं आणि हजारो लोक सेंट्रल पार्कपर्यंत चालत न्यायला माणसं गोळा करणं वेगळं. ब्रेंडा दुसऱ्या जातीची होती. १९८६ मध्ये न्यूयॉर्क शहराचा समलैंगिक हक्कांचा कायदा पास झाला त्यामागे ती होती, बाय लोकांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा गट तिने सुरू केला, बाय आणि बीडीएसएमवाल्यांचा चर्चागट चालवायची. सतरंज्या उचलणारी बाई. सतरंज्या उचलणाऱ्यांना आई म्हटलं तर माझं काही म्हणणं नाही.

नागपुरी_संत्रं
मी फक्त हवामानावर बोलतो. जूनमध्ये मुंबईत लेदर जाकीट घालून गिरगावपर्यंत चालून दाखवा, माणूस आणि जाकीट दोघांना बुरशी येईल. मुंबईचा पहिला क्वीअर आझादी मोर्चा २००८ च्या ऑगस्टमध्ये निघाला होता, ऑगस्ट क्रांती मैदानातून, पुढे तो जानेवारी-फेब्रुवारीत गेला. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न निसर्गानेच सोडवलाय. चालू द्या तुमचं.

अनामिक_वाचक
गमतीत चाललंय म्हणून एक आपल्या घरचं उदाहरण देतो. र. धों. कर्वे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं म्हणून भाषणात नाव घेतात, कुटुंबनियोजनाचे जनक वगैरे. पण 'समाजस्वास्थ्य' ह्या त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न बाईचं चित्र असायचं, आत कामसुखावर आणि समलिंगी संबंधांवर सरळ लिहिलेलं असायचं, त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मधल्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, हे किती भाषणांत येतं? कर्व्यांना कुटुंबनियोजन हवं होतं ते लोकसंख्या कमी करायला नाही, बाईला न घाबरता सुख मिळावं म्हणून. ते काढून टाकलं की उरतो सरकारी लाल त्रिकोण. ब्रेंडाचंही तेच होतंय. भर_दुपारीला +१.

पेठेतला_भुंगा
कर्व्यांचं उदाहरण चांगलंय, मान्य. पण कर्व्यांना नोकरी सोडावी लागली, मासिक तोट्यात चालवलं, म्हातारपणापर्यंत एकटे लढले. तुम्ही हे ज्या मुलीला करायला सांगताय तिचं ऑफिसात दोघातिघांनाच माहितीये, तिला ईएमआय असणार. इथे टोपणनावाने +१ देणं सोपं आहे.

आणि लेदरचा इतिहास जपायला जागा नाही असंही नाही. शिकागोत १९९१ पासून लेदर अर्काइव्ह्ज अँड म्युझियम आहे, चक रेन्सलो आणि टोनी डीब्लेस ह्यांनी काढलेलं. डीब्लेस म्हणजे ज्याने १९८९ मध्ये लेदरचा झेंडा केला तो, काळे-निळे पट्टे, मधे पांढरा आणि कोपऱ्यात लाल बदाम. त्या काळात माणूस एड्सने गेला की घरचे येऊन त्याची जाकिटं, पत्रं, फोटो कचऱ्यात टाकायचे, ते वाचवायला अशी जागा लागत होती. हे मला पूर्ण पटतं. म्युझियममध्ये सगळं ठेवा. ऑफिसची लिफ्टजवळची भिंत म्युझियम नाही.

एडिसनची_वहिनी
भुंगाभाऊ, घरचे लोक तेच म्हणायचे हो, की फोटो ठेवू, जाकीट नको.

पेठेतला_भुंगा
हे जिव्हारी लागलं वहिनी. पण मत बदलत नाही.

साधी_सुधा
भर_दुपारी, तुला ठेवायचीच असेल तर ओळ ठेव, पण तिच्याखाली हेही लिही की ह्या प्रश्नावर स्त्रीवादी चळवळीत तेव्हाही फूट होती आणि आजही आहे. पूर्ण ब्रेंडा हवी ना, मग पूर्ण भांडणही लाव. ते असेल तर माझा विरोध मागे.

भर_दुपारी
ताई मला आवडेल, पण तिच्या फोटोखाली जागा साडेतीन ओळींची आहे, त्यात कंपनीचा लोगो.

नागपुरी_संत्रं
लोगो काढा.