मदत हवी आहे: ऑक्सिजन सेन्सरचा आकडा दुपारी का पळतो?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. बाबांचा कळमना मार्केटला संत्र्याचा व्यापार. बंद पॅकिंगमध्येही संत्र्याचं श्वसन चालूच असतं. आतला ऑक्सिजन फार खाली गेला की फळाला आंबूस, दारूसारखा वास येतो. मृग बहाराचा माल असा वाया गेलेला डोळ्यांनी पाहिलाय. डबा न उघडता हे आधीच कळावं, म्हणून हा प्रोजेक्ट घेतला.

रुथेनियम धातूचं डायफिनाइल-फिनान्थ्रोलिन कॉम्प्लेक्स (हेच माझं चमकणारं रंगद्रव्य) पॉलिस्टायरीन प्लास्टिकमध्ये मिसळून काचपट्टीवर पातळ फिल्म केली. निळ्या एलईडीखाली ती नारिंगी-लाल चमकते. ऑक्सिजनचा रेणू उत्तेजित रुथेनियमला धडकला की त्याची ऊर्जा ओढून घेतो आणि चमक विझते. म्हणजे ऑक्सिजन कमी, तर चमक जास्त. समोर लाल फिल्टर आणि चमक मोजणारा फोटोडायोड. टायरवाल्याकडून फुग्यात नायट्रोजन भरून आणला आणि फिल्मवर सोडला, तर फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखी उजळली! आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं.

आता अडचण. सकाळी 7 वाजता खोलीत 29 अंश असताना साध्या हवेत फोटोडायोडचं रीडिंग 812, नायट्रोजनमध्ये 2000. त्यावरून स्टर्न-व्होल्मर सूत्राने (चमक किती विझली त्यावरून ऑक्सिजन काढणारं सूत्र) कॅलिब्रेशन केलं. दुपारी 3 ला 41 अंश (दमटपणा नको म्हणून कूलर बंद), तर त्याच हवेत 640. सूत्राप्रमाणे ऑक्सिजन 30 टक्के झाला! हवेत तो 20.9 च्या वर जाईल कसा? दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 29 अंशाला 770 आलं. 812 काही परत आलं नाही.

मला वाटतं दुखणी दोन आहेत: उष्णतेने उतरलेली चमक, जी परत येते, आणि दिवसभर एलईडी चालू ठेवल्याने रंगद्रव्याची झालेली झीज, जी येत नाही. ही दोन वेगळी कशी करू? सबमिशनला तीन आठवडे आहेत, नवीन उपकरण घेणं परवडणार नाही.

प्रतिसाद 1
ताई, निदान बरोबर वाटतंय. एकाच घाण्यातल्या दोन फिल्म घ्या. एक एलईडीखाली, दुसरी त्याच खोलीत काळ्या कागदात. दिवसातून दोनदाच दोन्ही मोजा. अंधारातलीही उतरली तर दोष उष्णतेचा. एलईडी सतत ठेवू नका, रीडिंगपुरते काही मिलिसेकंद पुरे. फिल्मला चिकटून थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) लावा आणि वेगवेगळ्या तापमानांना कॅलिब्रेट करा. एलईडीही तापला की मंदावतो, त्याच्यावर वेगळा फोटोडायोड ठेवा. टायरचा नायट्रोजन शुद्ध नसतो; शून्य ऑक्सिजनच्या रीडिंगसाठी पाण्यात सोडियम सल्फाइट विरघळवून फिल्म त्यात बुडवा.

धागाकर्ती
खूप आभार! काळ्या कागदाचं सुचलंच नव्हतं, आज रात्रीच लावते. एक विचारू? तीव्रतेऐवजी चमक विझायला लागणारा वेळ मोजला तर झिजेचा त्रास कमी होईल ना?

प्रतिसाद 1
होईल, पण तुमच्या रुथेनियमचा तो वेळ जेमतेम 5-6 मायक्रोसेकंद. साध्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला झेपणार नाही. प्लॅटिनम पॉर्फिरिन हे दुसरं चमकणारं रंगद्रव्य मिळालं तर पाहा, त्याची चमक याच्या साधारण दसपट वेळ टिकते. तापमानाची दुरुस्ती मात्र तिथेही लागेल. तीन आठवड्यांत थर्मिस्टरच बरा.