मदत हवी आहे: दमट हवेत पेटी (हार्मोनियम) कशी टिकवावी?

पापुआ न्यू गिनीतल्या लाए इथे, मिशनच्या शाळेत आम्ही नवरा-बायको संगीत शिकवतो. इथे वर्षभर पाऊस. लाकूड फुगून पेटीच्या पट्ट्या अडकतात; त्या 400 नंबरच्या पॉलिशपेपरने बाजूंनी हलकेच घासून पेन्सिलीच्या शिशाची पूड लावतो. तेल मुळीच नाही, त्यावर धूळ बसून पट्टी आणखी जड होते.

खरी काळजी सुरांची. आत कंप पावून सूर देणाऱ्या पितळी पात्याच्या टोकाला हिरवा थर चढला की सूर उतरतो. टोकाशी खरवडलं तर चढतो, बुडाशी खरवडलं तर उतरतो, हे ठाऊक आहे. पण सारखं खरवडून पाती झिजताहेत, आणि रविवारी मुलं त्याच सुरावर गातात!

बंद कपाटात 15 वॉटचा बल्ब लावावा, की ओलावा शोषणारं सिलिका जेल पुरेल? भात्याच्या चामड्यावरची बुरशी कशाने पुसता?