किडनी ट्रान्सप्लांट झालंय, घरातल्या घरात इन्फेक्शन कसं टाळू? मदत हवी आहे

नमस्कार. २ वर्षांपूर्वी माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी मोठ्या बहिणीची. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट चालू आहे, म्हणजे इम्युनिटी औषधांनीच दाबून ठेवलेली. कोविडच्या लशीचे सगळे डोस घेतलेत, पण या गोळ्यांवर असणाऱ्यांच्या अंगात लशीने अँटीबॉडीज कमी तयार होतात, काहींच्यात होतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी बजावलंय की लस घेतली म्हणून गाफील राहू नका.

बाहेरचं मी सांभाळते. एन ९५ घालते, नाकावरची पट्टी नीट दाबते, जोरात श्वास सोडून चष्म्यावर वाफ येते का बघते, आली तर परत बसवते. अडचण घरात आहे, कारण घरात दिवसभर मास्क कोण घालणार. नवरा ऑफिसला जातो, मुलगी तिसरीत आहे आणि शाळा परत सुरू झालीये. परवा ती शाळेतून आली ती दारातच थांबली, दोन्ही हात पाठीमागे धरून म्हणाली, आई मी आधी अंघोळ करते मग तुझ्याजवळ येते. गलबलून आलं मला. हा व्हायरस मुख्यतः हवेतून पसरतो, अंघोळीने त्यात फारसा फरक पडत नाही, आणि आपल्यामुळे आई आजारी पडेल हे ओझं तिच्या डोक्यावर मला नकोय.

खोल्या दोन, बाथरूम एकच. उद्या दोघांपैकी कुणाला ताप आला तर काय करायचं? आणि रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तर त्यावर विसंबून राहायचं का? ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, बाबांचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय, आम्ही हेच सगळं केलंय. लक्षणं असतील तर पहिल्या निगेटिव्हवर जाऊ नका, ४८ तासांनी परत टेस्ट करा, तोवर आजारी माणूस वेगळ्या खोलीत आणि खोलीबाहेर येताना त्यालाही मास्क. बाथरूमचा एक्झॉस्ट चालूच ठेवा, तो जाऊन आला की लगेच आत जाऊ नका, गेलात तर एन ९५ घालून. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात, जमलं तर हेपा फिल्टरवाला (हवेतले बारीक कण अडकवणारा) प्युरिफायर घ्या. मुलीला खिडक्या उघडायचं काम द्या, त्याचा खरंच उपयोग आहे.
आणि महत्त्वाचं, पॅक्सलोव्हिड या कोविडवरच्या गोळ्यांबद्दल तुमच्या ट्रान्सप्लांट डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. ते लक्षणं दिसल्यापासून ५ दिवसांत सुरू करावं लागतं, पण त्यातल्या रिटोनाव्हिरने टॅक्रोलिमसची लेव्हल धोकादायक वाढते. मनाने काही घेऊ नका, मनाने काही बंदही करू नका.

धागाकर्ती:
खूप खूप आभार. आत्ताच डॉक्टरांशी बोलले. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर रात्रीसुद्धा फोन करा म्हणाले, माझ्यासाठी बहुतेक रेमडेसिव्हिर, ३ दिवस सलाईनमधून. नंबर फ्रिजवर चिकटवलाय. खिडक्यांचं काम लेकीने घेतलंय, दप्तर खाली ठेवायच्या आधी उघडते.