2014 स्विफ्ट डिझेल : फोनवर बूस्ट बघायला कुठलं डोंगल घेऊ? (बजेट 1500)

घाटउतार
मंडळी, गाडी स्विफ्ट व्हीडीआय, 2014, एक लाख तीस हजार चाललेली. दर शनिवारी चिपळूण-कराड असतं. गेले दोन महिने कुंभार्ली चढताना दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला तरी ओढत नाही. मागून एसटी हॉर्न मारते, लाज वाटते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. मेकॅनिक म्हणतो, "वय झालं गाडीचं." मला स्टिअरिंगखालच्या पोर्टला काहीतरी लावून बूस्ट (टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्याचा दाब), आरपीएम आणि कूलंटचं तापमान फोनवर नोंदवायचंय, म्हणजे घरी बसून आलेख बघता येईल. फोन अँड्रॉइड. ऑनलाइन 300 पासून 3000 पर्यंत सगळी सारखीच दिसतात. कुठलं घेऊ?

पेठेतला_पार्किंगवाला
कुठलंही घ्या, पण पोर्टला लावून ठेवू नका. आम्ही गणपतीला गावी गेलो, डोंगल तसंच राहिलं. सोळाव्या दिवशी परत आलो तर सेंट्रल लॉकसुद्धा उघडेना. सोसायटीच्या वॉचमननं ढकलायला चार पोरं गोळा केली, त्यांना चहा पाजला, वर बॅटरीचे पाच हजार.

रापचिक_रेव्ह
भावा, घ्यायचंच तर ओबीडीलिंक एमएक्स प्लस घे. मी मागवलंय, दहा हजाराच्या वर गेलं पण काय स्पीड आहे! एकदम मक्खन.

घाटउतार
बजेट 1500 लिहिलंय दादा.

रापचिक_रेव्ह
रडायचं एकदाच असतं. स्वस्त घेऊन रोज रडशील.

जर्सीकर
आमच्याकडे अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक कारला हा पोर्ट सक्तीचा आहे. माझ्या तिन्ही गाड्यांना वापरतो. भारतात 2014 च्या गाडीला मिळतो का पण?

सर्किट_काका
मिळतो. भारतात 2013 च्या एप्रिलपासून ओबीडी-2, म्हणजे गाडीची माहिती बाहेर देणारी हीच पोर्टची पद्धत, आहे.
आता मूळ प्रश्न. 300 वाल्या निळ्या डब्यांवर 'ईएलएम 327, व्ही 1.5' छापलेलं असतं. ईएलएम ही कॅनडातली चिप बनवणारी कंपनी, 2022 मध्ये तिनं दुकान बंद केलं. आणि 1.5 नावाची आवृत्ती तिनं कधी काढलीच नाही! म्हणजे सगळा नकलांचा बाजार. तरी नक्कल म्हणजे निकामी असं नाही. व्ही 2.1 लिहिलेल्यांतल्या बऱ्याच नकलांत आज्ञा गाळलेल्या असतात, त्या टाळा. विकत घेताना परत करायची सोय बघा. लावल्यावर दहा मिनिटांत ॲपला गाडी सापडली नाही तर परत पाठवा.
वरच्या पार्किंगवाल्यांचं बरोबर आहे. पोर्टच्या 16 नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट थेट येतो, किल्ली काढली तरी. डबा 40-50 मिलिॲम्पिअर खातो. दिवसाला एक ॲम्पिअर-अवर धरा, सोळा दिवसांत सोळा. 35 ॲम्पिअर-अवरच्या जुन्या बॅटरीला तेवढं पुरे होतं.

पेठेतला_पार्किंगवाला
बॅटरी जुनी नव्हती. तीनच वर्षांची होती.

सर्किट_काका
तीन वर्षं म्हणजे जुनीच.

मायलेज_महर्षी
बूस्टबिस्ट सोडा हो. माझी हीच गाडी 26 देते, तेही एसी लावून. तुम्ही पाय जास्त देताय. ॲपमध्ये ॲव्हरेज बघायची सवय लावा, आपोआप सुधाराल.

सर्किट_काका
डिझेलला ॲपमधलं ॲव्हरेज धरू नका. ॲप हवेचं वजन मोजून पेट्रोलच्या हिशेबानं इंधन काढतं. डिझेलमध्ये हवा नेहमीच जास्त असते आणि प्रमाण सतत बदलतं, त्यामुळे आकडा भलताच येतो. टाकी फुल टू फुल करा.

मायलेज_महर्षी
मी फुल टू फुलच करतो. 26 च येतं.

दिल्लीकर_देशपांडे
2014 ची डिझेल अजून ठेवली आहे? आमच्याकडे दहा वर्षांवरच्या डिझेलला रस्त्यावर बंदी आली होती. विकून टाका, त्यात डोंगलचे पैसे घालू नका.

घाटउतार
आमच्याकडे म्हणजे दिल्लीत. मी चिपळूणला असतो.

कोल्हापुरी_क्लच
+1 काकांना. मी 400 चं घेतलं, ब्लूटूथचं. दोन वर्षं झाली, अजून चालतंय. पासवर्ड 1234. माझी गाडी लावली की शेजाऱ्याच्या फोनलाही ते दिसतं, तेवढी गंमत. वायफायवालं घेऊ नका. फोन त्याच्या वायफायला चिकटला की नेट जातं, मॅप बंद, घाटात गाणी बंद.

सई_कराड
मीही ब्लूटूथच सांगेन. वायफायवालं माझ्या दिरानं घेतलं आणि महिन्यात कपाटात गेलं. बाकी, मेकॅनिकला इजीआर (धूर थोडा परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) पाइप बघायला सांगितलंत का? आमच्या गाडीला असंच झालं होतं. इजीआर काजळीनं भरला होता, साफ केल्यावर गाडी पळायला लागली.

रापचिक_रेव्ह
इजीआर बंदच करून टाक ना, पत्रा लावून. 200 रुपयांचं काम. पिकअप वाढतो.

सर्किट_काका
हे करू नका. इजीआर प्रदूषण कमी करायला आहे, तो बंद करणं बेकायदा आहे. आणि हा धागा त्यासाठी नाही.

रापचिक_रेव्ह
सगळे करतात.

सर्किट_काका
असो. घाटउतार, लॉगिंग करताना एकदम बारा डायल लावू नका. स्वस्त डबा सेकंदाला मोजकेच प्रश्न विचारतो. बारा आकडे मागितलेत तर एकेकाची पाळी दोन-तीन सेकंदांनी येते, तोवर गाडी वळण ओलांडून गेलेली असते. चारच घ्या: आरपीएम, वेग, एमएपी, कूलंट. एमएपी म्हणजे इनटेकमधला दाब, आणि तो पूर्ण दाब असतो. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की बूस्ट. चिपळूणला बाहेरचा सुमारे 101 किलोपास्कल, कराडला 95 च्या आसपास. म्हणजे चिपळूणला एमएपी 180 दिसला तर बूस्ट 79, तोच कराडला 85. आणखी एक: या मानक आकड्याची मजल 255 पर्यंतच, त्यामुळे मोठ्या टर्बोच्या गाड्यांचा आलेख वर छताला टेकल्यासारखा सपाट दिसतो. तुमच्याकडे तो प्रश्न यायचा नाही.
चाचणीही सांगतो. दुसरा गिअर, मोकळा चढ, 1500 आरपीएमला पाय पूर्ण खाली, 3500 पर्यंत. तीनदा करा. शक्य असेल तर त्याच इंजिनाची दुसरी गाडी त्याच चढावर न्या. एकट्या गाडीच्या आकड्यावरून काही कळत नाही.

जर्सीकर
0 ते 60 बघायचं असेल तर पोर्टचा वेग वापरू नका, पूर्ण किमीतच येतो. मी 10 हर्ट्झचं जीपीएस लावतो.

कोल्हापुरी_क्लच
त्यांनी 0 ते 60 विचारलंय कुठं?

घाटउतार
सगळ्यांचे आभार. वायफायवालं घेतलं, 550 ला.

कोल्हापुरी_क्लच
अरे!!

सई_कराड
मग विचारलंत कशाला?

घाटउतार
रागावू नका. बायकोचा जुना आयफोन ड्रॉवरमध्ये पडून होता, काच तडकलेला, सिम नसलेला. तो कायमचा गाडीत ठेवला. त्याला नेट गेलं काय आणि राहिलं काय, मॅप माझ्या फोनवर चालतो. आयफोनला साधं ब्लूटूथवालं चालत नाही हे इथल्याच जुन्या धाग्यात वाचलं. जोडायला अर्धा तास गेला. ॲपमध्ये पत्ता 192.168.0.10 आणि पोर्ट 35000 घालायचं असतं, डब्यासोबतच्या चिठ्ठीत तेच पुसट होतं.
शनिवारी गेलो. मित्राची डिझायर, हेच इंजिन, 2015 ची, पाठोपाठ. पोफळीच्या पुढचा एकच चढ, दोघांनी तीन-तीनदा. 2500 आरपीएमला त्याच्या गाडीत एमएपी 210 ते 215. माझ्या गाडीत 158, 161, 157. कूलंट दोघांचं 90-95, म्हणजे गाडी तापत नाहीये. बिघाडाचा कोड एकही नाही, पेंडिंगसुद्धा (पक्का न झालेला) नाही.

सर्किट_काका
तिन्ही वेळा 160 च्या आसपास आणि मित्राच्या गाडीशी 50 चा फरक. हवा कुठंतरी निसटतेय. कोणीतरी रेस देत असताना इंटरकूलरच्या पाइपाजवळ कान लावा. तेलाचा ओलसर डाग दिसला तर तीच जागा.

सई_कराड
पाइप मी आधीच सांगितले होते.

रापचिक_रेव्ह
टर्बो गेला असेल. मी नवीन टाकला, 40 हजार.

घाटउतार
आज सकाळी बघितलं. इंटरकूलरवरून वर येणारा रबरी पाइप, खालच्या क्लॅम्पजवळ बोटाच्या पेराएवढी चीर. थंड असताना मिटलेली दिसते, रेस दिली की तोंड उघडते आणि फुस्स आवाज. बाहेर काळपट तेल. मेकॅनिकला दाखवलं तर म्हणाला, "मी म्हटलंच होतं पाइप असेल." नवीन पाइप मंगळवारी येतोय. लावला की तोच चढ परत करतो आणि आलेख टाकतो.

पेठेतला_पार्किंगवाला
डोंगल काढून ठेवता ना?

घाटउतार
काढतो. काल रात्री राहिलं होतं, आत्ताच जाऊन काढून आलो.

मायलेज_महर्षी
पाइप बदलल्यावर ॲव्हरेज किती येतं ते कळवा.

नवखा_77
चांगला धागा. माझ्या ॲक्टिव्हाला हेच डोंगल बसेल का? बजेट 300.

सर्किट_काका
दुचाकीचा पोर्ट वेगळा. वेगळा धागा काढा.