मदत हवी आहे : झेपेलिन ऐकायला उलटीकडून सुरुवात झालीये

मंडळी, मी इंदूरचा, आमच्या घरी नाट्यगीतं नाहीतर किशोरकुमार, बाकी काही नाही. दिवाळीच्या साफसफाईत रामबागेतल्या काकांच्या माळ्यावर लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडची 'बीबीसी सेशन्स' ही डबल सीडी सापडली, १९९७ ची, म्हटलं लावून तर बघू, आणि महिना झाला दुसरं काही वाजलंच नाहीये घरात (आई वैतागलीये). पहिल्या सीडीवर १९६९ ची रेडिओ रेकॉर्डिंग्ज, दुसरीवर १ एप्रिल १९७१ ची लंडनच्या पॅरिस थिएटरमधली मैफल. तेच गाणं दोन-तीनदा येतं पण दरवेळी निराळं, आपल्याकडे एकच बंदिश दोन दिवशी दोन तऱ्हांनी रंगते ना, तसं.

आता अडचण. दुसऱ्या सीडीवर ते अठरा मिनिटांचं लांबलचक गाणं आहे, त्यात त्यांचा गिटारवाला जिमी पेज गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवतो, नेमकी तिथेच सीडी अडकते, खर्र खर्र. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसून झाली, ओरखडा बारीकच दिसतो, पॉलिश करून देणारं कोणी आहे का इंदुरात?

दुसरं, मूळ अल्बम ऐकायला घेतले तर ते जरा मोजूनमापून वाटले, कुठून सुरू करू? आणि २०१६ च्या आवृत्तीत तिसरी सीडी आहे म्हणे, तिच्यातल्या काही गाण्यांची बीबीसीकडची टेप हरवलेली आणि एका श्रोत्याने रेडिओवरून उतरवून ठेवलेलं वापरलं, आवाज कसा आहे तिचा? घेण्यासारखी आहे का?